कोट केलेल्या ओळीच्या आधीचं-नंतरचं पण वाचा की

संपादक साहेब, नमस्कार.

आषाढी जवळ आली की सगळ्याच पेपरांच्या पुरवण्यांत तुकोबांवरचे लेख सुरू होतात आणि त्यात ती एक ओळ हमखास असते, 'नाठाळाच्या माथी हाणू काठी'. तुकोबा कसे फटकळ, कसे बंडखोर, हे सांगायचं आणि खाली ही ओळ ठेवून द्यायची, झालं काम. अहो पण तो अभंग सुरू होतो 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास' असा, वज्राला भेदणारा कठीणपणा त्याच्या नंतर येतो. आणि गाथ्यात 'हाणू' नाहीच, तिथे काठी माथां 'देऊं' आहे. त्याच्या आधीच्या ओळीत जो जे मागेल 'तें तें देऊं', मग भल्याला लंगोटी देऊ, मग नाठाळाला काठी, म्हणजे सगळं देणंच चाललंय, काठीसुद्धा त्या देण्यातच येते, आणि शेवटी तर 'आम्ही अवघे चि गोड' म्हणून मोकळे होतात. आता एवढं वाचल्यावर हा अभंग नुसत्या रागाचा पुरावा कसा काय होतो? (लंगोटीच्या आधीचा शब्द तर शाळांनी 'कासेची' करून कधीच धुऊन टाकलाय, मूळचा मी इथे लिहीत नाही, तुम्ही छापणार नाही.)

तुकोबा फटकळ नव्हते असं मला म्हणायचं नाहीये, होतेच, गाथाभर त्याचे दाखले आहेत. पण मग ते दाखले शोधा ना, हीच एक ओळ किती वर्षं चालवायची.

ही सवय लागते शाळेत. रसग्रहणात कवितेच्या दोन ओळी आल्या की मार्क मिळतात असं पोरांना कोणीतरी सांगून ठेवलेलं असतं, मग 'बालकवी निसर्गाचं सुंदर वर्णन करतात' असं लिहून खाली 'क्षणात येते सरसर शिरवे, क्षणात फिरुनी ऊन पडे' चिकटवतात आणि पुढच्या मुद्द्याला पळतात. सुंदर कशामुळे ते कुठेच नाही. अरे बाबा, एकाच ओळीत 'क्षणात' दोनदा आलंय, एकदा पावसासाठी एकदा उन्हासाठी, श्रावण कसा झटक्यात पालटतो ते त्या शब्दानेच दाखवलंय, हे लिही की! ओळ दिल्यानंतरचं वाक्य खरं महत्त्वाचं असतं आणि नेमकं तेच गाईडात नसतं.

दुसरं म्हणजे स्वतःच्या शब्दांत सांगणं. ते वाईट नाही, कुसुमाग्रजांच्या 'कणा'बद्दल लिहिताना पूर आला, घरातलं वाहून गेलं, पोरगा सरांकडे आला, एवढं आपण आपल्या भाषेत दोन वाक्यांत सांगावं, त्यासाठी अख्खी कविता उतरवायची गरज नाही. पण सरांचा हात खिशाकडे जातो तिथे थांबून कवीचेच शब्द द्यायला हवेत, पैसे नकोत, 'जरा एकटेपणा वाटला', कारण कविता तिथे वळते. बरेच जण याच्या बरोबर उलट करतात, पुराच्या ओळी सगळ्या उतरवतात आणि या जागेवर आले की 'मुलगा स्वाभिमानी होता' असं लिहून टाकतात. स्वाभिमानी आहेच हो तो, पण पैसे नाकारताना तो एकटेपणा बोलून दाखवतो ते या शब्दात कुठे आलं?

आणि सगळ्यात डोक्यात जातं ते म्हणजे आपण लावलेला अर्थ अवतरणचिन्हात टाकणं. 'तुकाराम महाराज म्हणतात' लिहायचं आणि पुढे आजच्या मराठीतलं गुळगुळीत वाक्य द्यायचं, अवतरणासकट. व्हॉट्सॲपवर पुलंच्या नावावर काहीही खपवतात ते एक वेळ सोडा, पण छापील समीक्षेत तरी कवी काय बोलला आणि तुम्हाला त्यातून काय वाटलं हे वेगळं दिसायला नको का?

तुमच्याकडे एकच मागणी आहे. अभंगाची ओळ छापताना त्या अभंगाचा पहिला चरणही कंसात देत जा, नुसता आकडा नको, गाथ्याच्या वेगवेगळ्या प्रतींत नंबर वेगळे असतात त्यामुळे शोधताना घोळ होतो. पहिला चरण दिलात तर घरात गाथा असलेला कोणीही पाच मिनिटांत पूर्ण अभंग काढून वाचेल, आणि लेखकाला पण पाठवायच्या आधी एकदा तो उघडावाच लागेल.

– एक वाचक, कराड