रहस्यकथांना खानदेशाचे वावडे का?

महोदय,

मराठी रहस्यकथा मुंबईचा फ्लॅट आणि कोकणातला वाडा सोडायला तयार नाही. लेखकांनी एकदा सावदा-रावेरकडे यावे. केळी पिकवायच्या बंद खोलीत तापमान १६ ते १८ अंश, आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास, आणि फळ पिकवणारा इथिलीन वायू साधारण १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर. धोका त्या इथिलीनचा नाही. ते पेट घ्यायला हवेत पावणेतीन टक्के लागते. पण केळी कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात, आणि खोलीतली हवा वेळेवर बदलली नाही तर आत शिरणारा गुदमरू शकतो. पुरावाही फळच देते: पारा बराच वेळ १३ च्या खाली राहिला, तर पिकताना साल करडी पडते. रात्री यंत्राशी कोण खेळले, हा तपास तिथूनच सुरू व्हावा!

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात, तर आयते घड्याळच आहे. कपाशीतला खडा किंवा लोखंडी तुकडा यंत्रात ठिणगी पाडतो, आणि १७० किलोच्या दाबलेल्या गाठीच्या पोटात आग दिवसेंदिवस धुमसते. ती भडकेपर्यंत संशयित भुसावळहून गाडी बदलून कुठल्या कुठे गेलेला.

पांझरा नदीकाठची फड बागायत (बंधाऱ्याचे पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायची जुनी पद्धत), पाण्याच्या पाळ्या आणि त्यांवरची भांडणे, हे वेगळेच प्रकरण. दिवाळी अंकांच्या संपादकांनी निदान एक कथा तिथली मागवावी.

– एक वाचक, यावल