ड्रेसरकाका, दोराचं टोक बाबांच्या हातात दिलं त्याबद्दल

ड्रेसरकाका, नमस्कार जी.

फोनवर तुम्ही "बरं बरं, कुत्रं कसं आहे" एवढं विचारता आणि ठेवून देता, आभार मानायला चान्सच देत नाही. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहून रायली, तुमच्या पोरानं मोबाईलवर वाचून दाखवावं आणि तुम्ही पूर्ण ऐकावं, मधात उठून जाऊ नये.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काका गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहेत, म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली जनावर धरणारे, मलमपट्टी करणारे. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडचं, कपाशी-तुरीचं. बाबांनी हिवाळ्यात वावराच्या धुऱ्यावरून एक राखाडी पिल्लू उचलून आणलं, नाव पडलं ढग्या. संक्रांतीनंतर बाबांना लकवा मारला, डावी बाजू गेली, बोलणं जड झालं. वावर मक्त्यानं दिलं, बाबा खाटेवर आणि ढग्या खाटेच्या पायाला बांधलेला, कारण मोकळा सोडला की तो सरळ वावरात पळायचा आणि मक्त्यावाला बोंबलत यायचा. मग ढग्यानं घर खायला घेतलं. चपला, चार्जर, आईचं धान्य पाखडायचं सूप, उशीचा कोपरा, आणि शेवटी कोठ्यात गुंडाळून ठेवलेल्या ड्रिपच्या नळ्या, सोळा एमएमची ती काळी नळी त्यानं अशी चावली की पाणी सोडलं असतं तर झाडाला कमी आणि धुऱ्याला जास्त गेलं असतं.

आता सल्ला देणारे. एक म्हणे पोत्यात घालून नदीपलीकडे सोडा. एक म्हणे डवऱ्याच्या बैलाला बांधता तसं मुसकं बांधा, मे महिन्याच्या उन्हात बरं का, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्य तोंड उघडून धापा टाकूनच अंग थंड करते, त्याचं तोंड बांधा म्हणे! तालुक्याच्या एका दुकानदारानं चूं-चूं वाजणारा हिरवा रबरी बॉल गळ्यात मारला, इंपोर्टेड आहे म्हणे, ढग्यानं एका दुपारी त्यातली शिट्टी बाहेर काढली, ती गिळली असती म्हणजे? पुन्हा गेली तर तो म्हणते कुत्रंच गावठी आहे, मॅडम. आणि गंमत अशी की बाबांनाही तसंच. व्यायाम करवून घ्यायला एक जण शहरातून यायचा, त्यानं बाबांना पिवळा स्पंजचा बॉल दिला, दाबा म्हणे, वीस वेळा, आणि स्वतः मोबाईल पाहत बसला. बाबांनी तो बॉल खाटेखाली टाकला, ढग्यानं तो फाडला, दोघांचा हिशोब बरोबर. सगळे येऊन आमच्याशी बोलायचे, आईशी बोलायचे, बाबा समोर असताना "यांना समजते का" असं विचारायचे. बाबांना सगळं समजते हो. बाबांना बाजारभावही समजते.

तुम्ही आले ते आमच्यासाठी नाहीच आले. पावसाळ्याच्या आधी घटसर्प आणि फऱ्याची लस टोचायला टीम आली होती, तुम्ही गायीचं डोकं धरून उभे होते आणि लक्ष ढग्याकडे. जाता जाता त्याचा ओठ वर करून पाहिला आणि म्हणाले, "याचे दात पडून रायले नं पोरी, हे काय मस्ती नाही करत." दुधाचे अठ्ठावीस दात पडून बेचाळीस यायचे असतात, चार-पाच महिन्याच्या पिल्लाच्या हिरड्या ठणकत असतात, त्याला काहीतरी चावायला पाहिजेच, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कोणी सांगितलं. दुकानदारानं नाही, मुसकंवाल्यानं नाही.

मग रविवारी तुम्ही स्वतःच्या गाडीवर, स्वतःच्या पेट्रोलनं आले, कातर घेऊन. आईला म्हणाले जुनं सुती काय आहे ते काढा. बाबांचं फाटकं धोतर निघालं, माझी जीन्स निघाली, दोन टीशर्ट. नायलॉनची साडी तुम्ही बाजूला फेकली, धागा निघाला आणि पोटात गेला की आतडी गोळा होतात म्हणे, त्यात जनावर जाते. बटन, चेन, हूक सगळं कापून खिशात टाकलं. फवारणीच्या वेळी तोंडाला बांधायचा दुपट्टा मी आणला तर तो हातातून घेऊन सरळ चुलीमागं ठेवला, खताच्या पोत्याची सुतळीही नको म्हणाले. आईनं उशी भरायची सरकी दाखवली, म्हणे कापडात भरून गोळा शिवू का, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवला, सरकी कुत्र्याला विष आहे वहिनी, ढेपही ठेवू नका त्याच्या तोंडाजवळ. आम्ही जन्मभर कपाशी काढणारे लोक, हे आम्हाला माहीत नव्हतं. मक्याचं कणीसही नाही, आतड्यात अडकते. जुनी चप्पल तर नाहीच, एक दिली की त्याला वाटते सगळ्याच आपल्या.

पण काका, हे सगळं कोणीतरी कधीतरी सांगितलंच असतं. मला लिहायचं आहे ते पुढचं.

पट्ट्या कापून झाल्या, तीन पदर एकत्र करून तुम्ही गाठ मारली, गाठ पायाच्या अंगठ्यात धरली. मला वाटलं आता वेणी घालणार. तर तुम्ही खाली बसल्या बसल्या खाटेकडे सरकले, एक पदर बाबांच्या डाव्या हातात दिला, त्यांची बोटं तुमच्या हातानं मिटली, आणि म्हणाले, "भाऊ, धरा जी जरा. मले वळता नाही येत, तुमी सांगा."

तुम्हाला वळता येत नाही! आयुष्यभर बैल पाडून त्यांचे पाय बांधणारा माणूस, मिनिटात सुटेल आणि बैलानं ओढली तर घट्ट होईल अशी गाठ मारणारा माणूस, त्याला तीनपदरी वेणी येत नाही म्हणे. मी उभी होती तिथं, मला तेव्हाच समजलं तुम्ही खोटं बोलून रायले. बाबांना नाही समजलं. पोळ्याच्या आधी अर्धं गाव आमच्या बाबांकडून अंबाडीचे कासरे वळून न्यायचं, त्यांच्यासमोर कोणी पदर चुकवला तर त्यांना सहन होते का? तुम्ही मुद्दाम डाव्यावर उजवा टाकायच्या जागी भलतंच केलं आणि बाबा ओरडले, जड जिभेनं, पण ओरडले, "उलटं घालून रायला ना बे!" आई आतून धावत आली. एवढ्या महिन्यात बाबा कोणावर रागावले नव्हते हो. तुम्ही मान खाली घालून "चुकलं भाऊ, चुकलं" म्हणत होते. तो दोर संपेपर्यंत बाबांच्या डाव्या हातातला पदर दोन-चारदा सुटला आणि दर वेळी तुम्ही काही न बोलता परत दिला, कोणी मोजत नव्हतं.

हात बरा झाला असं मी म्हणत नाही, डॉक्टर जे म्हणाले ते म्हणाले, आमच्या गोळ्या सुरूच आहेत. पण आता सकाळी चहा झाला की बाबा पट्ट्या मागतात. ढग्यासाठी दोर होतो, मग तो फ्रीजमध्ये बर्फाच्या खान्यात ओला करून ठेवतो, दुपारी चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात ढग्या तो चघळत खाटेखाली पडला असते, हिरड्याही थंड आणि घरही थंड. कधी जुन्या टॉवेलात पोळीचे तुकडे टाकून गुंडाळी करतो, ते नाकानं उलगडता उलगडता तो असा थकते की वावरात जाऊन आल्यावरही तेवढा थकत नव्हता. दोराचे धागे निघायला लागले की बाबा लगेच म्हणतात "फेक", आणि नवीन घेतात. धोतरं संपली, आता शेजारचे आणून देऊन रायले. मुसकंवाला पण आणून देते, त्याचं काय बोलावं.

मी विचार करते, चांगुलपणा शिकवता येते का. दवाखान्यात कागदावर डॉक्टरची सही असते, लसीच्या फोटोत सरपंच असते, आणि ज्यानं लाथ खाऊन गाय धरली तो कुठंच नसते. त्या सगळ्या मोठ्या लोकांनी बाबांना पेशंट म्हणून पाहिलं, काही वाईट नाही, कामच आहे त्यांचं. तुम्ही बाबांकडून काम मागितलं. एवढी साधी गोष्ट आमच्या घरात आम्हालाही नाही सुचली, आम्ही तर त्यांना पाण्याचा ग्लासही उचलू देत नव्हतो, जपायच्या नादात. आणि तुम्ही त्यांना न सांगता सांगून गेले की तुमच्याशिवाय आमचं अडते.

बरं, महत्त्वाचं. तुम्ही म्हणाले होते दवाखान्याच्या आवारात एक कुत्री व्याली आहे, पिल्लं डॉक्टरच्या गाडीचे मडगार्ड चावतात. बाबांनी त्यांच्यासाठी चार दोर करून ठेवले आहेत, बारीक पट्टीचे, लहान तोंडाला जमतील असे, पण गिळता येणार नाहीत एवढे जाड. तुम्ही येणार असाल तर या, नाहीतर बाजाराला येणाऱ्या कोणाजवळ पाठवते. तुमची कातर आमच्याकडेच राहिली आहे आणि बाबा ती द्यायला तयार नाहीत, म्हणतात त्याला कुठं वळता येते, तो काय करेल कातरीचं.