रक्ताळलेला पंजा

देवरुख,
६ सप्टेंबर

प्रिय बाळ्या,

काल रात्री तुझ्या सिल्की कोंबडीबद्दलचा फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. "रक्त थांबत नाही रे, आणि बाकीच्या तिला सोडतही नाहीत," हे तू ज्या आवाजात म्हणालास, त्याच आवाजात दोन वर्षांपूर्वी मी इथल्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला होता. फोनवर तुला सुचेल तसं सांगितलं, पण घाईत अर्धं राहून गेलं. म्हणून सकाळी कोंबड्या सोडल्या, चहा घेतला आणि लिहायला बसलो. दोन बैठकांत वाच, पण पहिला भाग आजच वाच.

तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. रक्त बोटाच्या कातडीतून येत नाहीये, बाहेरच्या बोटावर जे नवं पीस उगवतंय त्यातून येतंय. आपल्या गावठी कोंबडीचा पाय उघडा असतो, काही झालं तर लांबून दिसतं. सिल्की, कोचीन, ब्रह्मा या जातींच्या पायाला मात्र पिसांची झालर. नवं पीस येताना आधी एक बंद नळी बाहेर पडते आणि तिच्यात रक्त खेळत असतं, कारण आतलं पीस त्या रक्तावरच वाढतं. हातात पाय घेऊन बघशील तर ही नळी निळसर काळी, बॉलपेनच्या रिफिलीसारखी दिसेल. पीस पुरतं वाढलं की रक्त मागे सरतं, नळी पांढरी आणि पोकळ होते, मग ती मोडली तरी कोंबडीला कळतसुद्धा नाही. त्याआधी मोडली, तर मात्र उघड्या तोटीसारखी वाहते. किलोभराच्या सिल्कीच्या अंगात सगळं मिळून ७० मिलीच्या आसपास रक्त असतं, लहान कपभर चहाइतकंही नाही. त्यामुळे "थोडंच तर आलंय" असं तिच्या बाबतीत म्हणता येत नाही.

आता हे कर. उजेड कमी झाल्यावर तिला धर, अंधारात कोंबडी शांत असते. पंख अंगाशी घेऊन जुन्या टॉवेलात गुंडाळ, डोळे झाकलेले आणि नाक मोकळं. टॉवेल छातीवर आवळू नकोस. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड खालीवर झालं तरच तिला श्वास मिळतो, आणि घाबरून घट्ट धरल्यामुळे हातातल्या हातात गुदमरलेली कोंबडी मी पाहिली आहे. रक्त वाहत असेल तर आधी धुवायला जाऊ नकोस. चिमूटभर कॉर्नफ्लोअर नळीच्या तोंडावर टाक, त्यावर स्वच्छ सुती कापडाची घडी ठेव आणि घड्याळ लावून पाच मिनिटं दाबून धर. मध्ये उचलून बघायचं नाही. आपण बघायला उचलतो आणि धरलेली गुठळी कापडाबरोबर निघून येते, मी हे तीनदा केलं होतं. पंधरा-वीस मिनिटांतही थांबलं नाही, तर रात्र असली तरी डॉक्टर गाठ. कधीकधी ती नळीच मुळातून काढावी लागते, पण ते तू करू नकोस. ती बोटाच्या हाडाला अगदी लागून असते, तिरकी ओढली तर बोट फाटतं.

रक्त थांबून दोन-तीन तास गेले की मग धुणं. उकळून कोमट केलेल्या लिटरभर पाण्यात दीड चमचा मीठ, त्यात पाय बुडवून ठेव. पिसांत वाळून बसलेली शीट आणि चिखल आपोआप सुटू दे, ओढू नकोस. मग स्वच्छ पाण्यात पोव्हिडोन आयोडीनचे, म्हणजे जखमेवरच्या जंतुनाशकाचे, थेंब टाकून कोऱ्या चहासारखा फिका रंग आला की ते जखमेवर लाव आणि पाय पुरता कोरडा कर. पिसांखाली ओल राहिली तर सगळं वाया. आपल्या औषधाच्या डब्यातलं सुन्न करणारं मलम लावू नकोस, त्यातली काही औषधं पाखरांना बाधतात. हळद लावलीस तर बिघडणार नाही, मात्र ती लाल रंग झाकत नाही, आणि इथे रंगच वैरी आहे. कोंबडीला लाल ठिपका दिसला की चोच मारायचा मोह आवरत नाही.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं, तिला आज परत खुराड्यात टाकू नकोस. हे मी मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वीची माझी ब्रह्मा तू पाहिली नाहीस. दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या होत्या, पायापर्यंत झगा घातल्यासारख्या. ब्रह्मा हे नाव आपल्या ब्रह्मपुत्रेवरून पडलं, पण ही जात घडली ती अमेरिकेत, १८४० च्या दशकात शांघाय बंदरातून तिकडे गेलेल्या मोठ्या कोंबड्यांपासून. अंगाने थोराड आणि स्वभावाने अगदी गरीब. हा गरीबपणाच तिला नडला. श्रावणात सलग पाच दिवस पाऊस कोसळत होता, अंगणात जांभ्याचा लाल चिखल, म्हणून मी सगळ्यांना खुराड्यातच ठेवलं. दहा गावठी आणि ह्या दोघी. सहाव्या दिवशी सकाळी फळी उघडली तर भुशावर रक्ताचे ठिपके आणि एक ब्रह्मा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी. आई म्हणाली, "हिचा पाय बघ." मी पाय धुतला, हळद आणि खोबरेल लावलं, रक्त थांबलेलं पाहून मला हायसं वाटलं, आणि संध्याकाळी एकटी घाबरेल म्हणून तिला परत सगळ्यांत सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या बोटाचं पेर उघडं पडलं होतं आणि नखी गेली होती. ती ओरडली असणार, पण पत्र्यावरच्या पावसात आम्हाला ऐकू आलं नाही. बाळ्या, मला त्या सकाळची अजून आठवण येते. औषध बरोबर होतं, तिला ठेवलं मात्र पुन्हा त्याच चोचींच्या मध्ये.

तेव्हा तिला वेगळी कर, पण नजरेआड करू नकोस. जाळीचा पिंजरा किंवा डालगं असेल तर ते खुराड्याच्या शेजारीच ठेव, म्हणजे बाकीच्यांना ती दिसत राहील. आठवडाभर पूर्ण गायब झालेली कोंबडी परत आली की तिला नवखी समजून पुन्हा टोचतात. खाली भुसा घालू नकोस, जखमेला चिकटतो. जुनं सुती लुगडं घाल आणि रोज बदल. पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड टाक, कारण पावसाळ्यात माशी बसली की दोन दिवसांत अळ्या पडतात. इथे जखमेच्या कडेला करंजेल लावतात, मीही लावतो, वासाने माशी लांब राहते. कोंबडी दुखणं लपवते, त्यामुळे ती मुकाट बसली म्हणजे बरी आहे असं धरू नकोस. दाणा किती उचलते ते बघ. पंजा गरम लागला, सुजला, किंवा तळव्याला काळी खपली धरली तर तो आत पू झाल्याचा प्रकार असतो, तो डॉक्टरांनाच दाखव. आणि माणसांच्या अँटिबायोटिकची गोळी फोडून देऊ नकोस, अंडी तुम्हीच खाणार आहात.

पाय हातात आलाच आहे तर आणखी एक बघून घे. पिसं बाजूला सारून नडगीवरच्या खवल्या नीट बघ. चपट्या, एकमेकींवर बसलेल्या असतील तर ठीक. वर उचललेल्या असतील आणि खाली पांढरी भुकटी दिसली, तर खवल्यांखाली बारीक किडे घर करून आहेत. पिसांच्या पायात हे महिनोन् महिने कळत नाही, कोंबडीला खाज सुटते, ती स्वतःच पाय टोचते आणि तिथून रक्ताला सुरुवात होते. माझ्या दुसऱ्या ब्रह्माचं तसंच होतं. कोमट साबणपाण्यात पाय भिजवायचा, मऊ जुन्या टूथब्रशने वरपासून खालपर्यंत घासायचं, कोरडा करून खोबरेल किंवा व्हॅसलिन भरपूर चोळायचं, म्हणजे किडे आत गुदमरतात. तीन-चार दिवसांनी पुन्हा, असं चार-सहा आठवडे. उचललेली खवली सोलून काढायची नाही. कोणी रॉकेल किंवा गाडीचं जळकं ऑइल लावायला सांगेल. आमच्याकडे पूर्वी सर्रास लावायचे. कातडी भाजते रे त्याने.

आता त्या बाकीच्यांबद्दल. तू काल त्यांच्यावर फार चिडला होतास, त्या तांबड्या वनराजा जातीच्या कोंबडीला कापून टाकतो म्हणालास. जरा थांब. कोंबडी दिवसभर जमीन उकरणारं पाखरू आहे. तिला उकरायला जमीन दिली नाही तर ती शेजारणीचं अंग उकरते, आणि एकीला सापडलेली गोष्ट बाकीच्या बघून शिकतात. तुझं खुराडं मी गेल्या दिवाळीत पाहिलंय, चार बाय चार. सहा कोंबड्या. दर कोंबडीला निदान चार चौरस फूट धर, म्हणजे २४ हवेत, तुझ्याकडे १६ आहेत. दिवसभर सुटलेल्या असतात तेव्हा चालून जातं, पण तू म्हणालास की शेजाऱ्याच्या कुत्र्यामुळे पंधरा दिवस सोडल्याच नाहीत. तिथेच सुरू झालं असणार. त्यात मांजरासाठी रात्रभर तो मोठा बल्ब. तो आधी काढ, झगझगीत उजेडात टोचणं वाढतं. मांजरासाठी बारीक जाळी लाव.

आणि सिल्कीचा तुरा बघ. डोळ्यांवर पिसं आली असतील तर समोरून येणारी चोच तिला दिसतच नाही. बोथट टोकाच्या कात्रीने डोळ्यांपुढची तेवढी पिसं कमी कर. मात्र नळीत रक्त नाही ना, हे तिथेही आधी उजेडात धरून बघ.

खाण्याचं तू सांगितलंस ते ऐकून मला उलगडलं. कणी, मका आणि उरलेली भाकरी. कणीत प्रथिनं शंभरात सात-आठ, मक्यात आठ-नऊ, आणि अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ लागतात. पीस बहुतेक सगळं प्रथिनाचंच असतं, म्हणून पोटात कमी पडलं की कोंबडी दुसरीची पिसं गिळते. जमिनीवर पडलेली पिसं सापडतात का बघ. सापडत नसतील, तर त्या खातायत. नुसतं टोचतात तेव्हा पिसं पडलेली दिसतात. निम्म्याहून जास्त खाणं अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य कर. शेंगदाण्याची पेंड चांगली, पण पावसाळ्यात तिला बुरशी लागते आणि ती विषारी असते, तेव्हा जुनी पेंड घेऊ नकोस. तिळाची पेंड मिळाली तर बघ, पिसांना लागणारा मेथिओनिन हा प्रथिनाचा घटक तिच्यात भरपूर असतो. आमच्याकडे सगळ्यात सोपा उपाय जवळा, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. रात्री पाण्यात भिजवून दोनदा पाणी बदलायचं, खारटपणा गेला की सकाळी मूठभर. माझ्या गावठींचं टोचणं यानेच आठ-दहा दिवसांत उतरलं.

उद्यापासून खुराड्यात सुकलेल्या पाल्याची पाटी ओत आणि त्यात थोडा दाणा मिसळ, उकरू देत. कोबीचा गड्डा सुतळीने त्यांच्या डोक्याच्या उंचीला टांग. एका कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती, अंघोळीला. हे झाल्यावर वीस मिनिटं एका जागी गप्प बस आणि कोण सुरुवात करते ते बघ. बहुतेक एकच असते. ती तांबडी असेल तर शिक्षा तिला दे, सिल्कीला नको, म्हणजे चार-पाच दिवस तिलाच वेगळ्या डालग्यात ठेव. परत येते तेव्हा तिचा कळपातला मान उतरलेला असतो. माझी सगळ्यात आडदांड कोंबडी परत आल्यावर दोन दिवस पाण्याच्या भांड्याजवळसुद्धा शेवटी जात होती.

तिची चोच कापून टाक असं तुला कोणीतरी सांगेलच. ते करू नकोस, हे मी तुला मित्र म्हणून सांगतो. चोचीच्या टोकात जीव असतो, दाणा की खडा हे ती टोकानेच ओळखते. तुझ्या सहा कोंबड्यांच्या परसात ती वेळ यायचं कारण नाही.

सिल्कीला परत सोडायची ती खपली पूर्ण वाळून गळल्यावर, रात्री सगळ्या दांडीवर बसल्या की हळूच. सकाळी तू स्वतः तिथे थांब, पहिला अर्धा तास. पिसाचं म्हणशील तर मुळासकट गेलेलं पीस काही आठवड्यांत पुन्हा येतं, मधेच मोडलेलं मात्र पुढच्या पिसं झडण्याच्या हंगामापर्यंत तसंच राहतं. आणि नवीन येतं तेव्हा पुन्हा तीच निळी नळी असते, तेव्हा त्या दिवसांत रोज संध्याकाळी पाय बघत जा. चिऊला हे काम दे, तिचीच कोंबडी आहे. तिला सांग, माझी ब्रह्मा एका नखीवाचून मजेत आहे, दोन महिन्यांनी अंड्यावर आली आणि आता पावसाचे ढग दिसले की सगळ्यांच्या आधी ओट्यावर चढते.

शनिवारच्या सांगलीच्या एस.टी.ने दोन किलो जवळा पाठवतोय, कंडक्टर ओळखीचा आहे. वहिनींना वास सहन होणार नाही, डबा बाहेर पडवीत ठेव. रक्त थांबलं का ते आज रात्री कळव, कितीही वाजले तरी मी जागा आहे.

तुझा,
दादू