कमी मात्रेच्या इम्युनोथेरपीची दखल घ्यावी

महोदय,

कर्करोगावर ‘रामबाण’ उपाय सापडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि विरूनही जातात. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील कमी मात्रेच्या इम्युनोथेरपीवरील (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचारावरील) कामाची मात्र, ते रामबाण नसतानाही, आपल्या वृत्तपत्राने सविस्तर दखल घ्यावी, यासाठी हे पत्र.

आपल्या टी-पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींवर, पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. कर्करोगाच्या कित्येक पेशी तोच दाबून धरतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती समोर शत्रू असूनही हातपाय हलवत नाही. निवोलुमॅब हे औषध पीडी-१ अडवून हा ब्रेक सोडवते. अशा ब्रेकांवरील संशोधनासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले. परंतु दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम या प्रचलित मात्रेचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांचा विषय तिथेच संपतो.

टाटामधील डॉक्टरांनी तोंड, घसा अशा अवयवांचा बळावलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. सर्वांना तोंडावाटे घ्यायची तुलनेने स्वस्त औषधे दिली गेली. सुमारे निम्म्या रुग्णांना त्याच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निवोलुमॅब मिळाले. एका वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण निवोलुमॅब न मिळालेल्या गटात सुमारे १६ टक्के, तर ते मिळालेल्या गटात ४३ टक्के होते. तंबाखू-गुटख्याने ग्रासलेल्या महाराष्ट्राला या आकड्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

अर्थात, या रुग्णांचा आजार बरा होण्यापलीकडे गेलेला होता आणि अनेकांना लाभ झाला तो काही महिन्यांचाच. पूर्ण मात्रेशी थेट तुलनाही या चाचणीत नव्हती. शिवाय ब्रेक सुटलेली प्रतिकारशक्ती कधीकधी थायरॉइड, फुप्फुसे किंवा आतड्यांवरच उलटते, त्यामुळे मात्रा कमी असली तरी देखरेख ढिली ठेवून चालत नाही.

एक व्यावहारिक अडचण क्वचितच चर्चेत येते. या औषधाची लहान कुपी ४० मिलिग्रॅमची असते, म्हणजे तीत दोन रुग्णांची मात्रा बसते, आणि उघडलेली कुपी फार काळ ठेवता येत नाही. साहजिकच दोन रुग्णांना एकाच दिवशी बोलावावे लागते. मोठ्या रुग्णालयात हे सहज जमते. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र जोडीदार रुग्णाअभावी अर्धे औषध वाया जाऊ शकते. तारखांची नीट आखणी आणि जवळच्या केंद्रांचा समन्वय, एवढ्याने हा प्रश्न बराचसा सुटण्यासारखा आहे.

औषध कमी खपावे यासाठी कोणतीही कंपनी स्वतःहून संशोधन करणार नाही; हे काम सार्वजनिक संस्थांनाच करावे लागते आणि ते लोकांपर्यंत नेणे सरकारलाच. तेव्हा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कमी मात्रेच्या या उपचाराला नेमके काय स्थान आहे आणि राज्यातील कोणत्या सरकारी रुग्णालयांत तो मिळतो, याची विचारणा आपल्या प्रतिनिधींनी आरोग्य विभागाकडे करून ती माहिती जिल्हावार छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, सातारा