प्राध्यापकांना प्रश्न कसा विचारावा

सातारा

चि. मुकुंद यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लीड्सच्या तुझ्या प्राध्यापकांना पाठवायच्या ईमेलचा मसुदा वाचला. निबंधाला कमी गुण का मिळाले हे विचारण्यात काहीच गैर नाही. पण ‘व्हाय डिड यू गिव्ह मी लो मार्क्स?’ या वाक्यापाशी मी थबकलो. ‘सर, आपण मला कमी गुण का दिलेत?’ असे मराठीत विचारले, तर ‘आपण’ आणि ‘दिलेत’ या दोन शब्दांनी अदब सांभाळली जाते. इंग्रजीतही एके काळी सलगीचा ‘दाऊ’ आणि आदराचा ‘यू’ असा भेद होता, पण १७व्या शतकात प्रमाण इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ मागे पडला आणि लहानथोर सर्वांना एकच ‘यू’ उरला. त्यामुळे जो मान आपण सर्वनामाने देतो, तो तिथे बराचसा वाक्याच्या बांधणीतून द्यावा लागतो.

हे मला स्वतःला चूक करून कळले. बँकेत लागलो त्या पहिल्याच वर्षी एक परदेशी बाई काउंटरवर आल्या आणि ‘आपल्याला काय हवे आहे?’ हे मनात धरून मी त्यांना ‘व्हॉट डू यू वाँट?’ असे विचारले. पुढे केलेला पासपोर्ट त्यांनी हळूच मागे घेतला आणि ‘सॉरी’ म्हणाल्या. चूक माझी आणि माफी त्यांनी मागितली, हे आजही बोचते.

इंग्रजीत अशा वेळी मूळ प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात घालतात: ‘कुड यू टेल मी’, ‘डू यू नो’, ‘आय वॉज वंडरिंग’. त्याने समोरच्याला ‘माहीत नाही’ किंवा ‘आत्ता जमणार नाही’ म्हणायला वाट राहते, आणि सौजन्य आहे ते त्यातच. ‘वॉज’ हा भूतकाळ पाहून गोंधळू नकोस. ‘जरा विचारायचे होते’ असे आपणही म्हणतोच की.

मात्र आत गेलेला प्रश्न साध्या विधानासारखा सरळ होतो, आणि आपण चुकतो ते इथेच. ‘ग्रंथालय कुठे आहे?’ आणि ‘ग्रंथालय कुठे आहे ते सांगाल का?’ यांत मराठी शब्दक्रम जराही हलत नाही, म्हणून ‘कुड यू टेल मी व्हेअर इज द लायब्ररी?’ हे आपल्या कानाला खटकत नाही. तिथे ‘व्हेअर द लायब्ररी इज’ असेच हवे. ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ गळतात आणि काळ मूळ क्रियापदावर येतो: ‘डू यू नो व्हेन द ऑफिस क्लोझेस?’ हो-नाहीच्या प्रश्नाला ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ जोडावा. ‘आय वॉज वंडरिंग’ने सुरू होणाऱ्या वाक्याला शेवटी पूर्णविराम दे, प्रश्नचिन्ह नको.

तेव्हा तुझे वाक्य असे कर: ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड टेल मी व्हेअर माय एसे फेल शॉर्ट.’ यात गुण देणाऱ्याला जाब विचारलेला नाही; निबंध कुठे कमी पडला एवढेच विचारले आहे, आणि तुला खरोखर हवे आहे तेही हेच. खोलीतल्या मित्राकडे मीठ मागताना मात्र एवढा घोळ घालू नकोस, त्याला ते परकेपणाचे वाटेल.

सुधारलेला मसुदा रात्री पाठव. मी जागा आहे.

तुझे,
बाबा