दुहेरीत मदत जोडीला हवी: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मुंबईचा चिराग शेट्टी आणि आंध्रातल्या अमलापुरमचा सात्विकसाईराज रंकीरेड्डी ऑक्टोबर 2023मध्ये बॅडमिंटनच्या पुरुष दुहेरीत जगात पहिले आले. ही जोडी जुळवली मलेशियाचे प्रशिक्षक तान किम हर यांनी. दोघेही उंच, दोघेही मागून स्मॅश मारणारे. नेटजवळची जबाबदारी पुढे चिरागकडे आली आणि ती मुरायला काही वर्षे गेली. अशी जोडी घडत असते तेव्हा सरकारी मदत मात्र एकेकट्या खेळाडूच्या अर्जावर ठरते. साथीदार परराज्यातला असला तर अर्धी जोडी वाऱ्यावर.

जागतिक क्रमवारीचे गुण जोडीच्या नावावर जमतात, 52 आठवड्यांतल्या सर्वोत्तम 10 स्पर्धांचे. त्यामुळे एकाच्या दुखापतीने दोघांची घसरण होते. एप्रिल 2024मध्ये सात्विकच्या खांद्यामुळे ही जोडी आशियाई विजेतेपद राखायला उतरूच शकली नाही. मार्च 2025मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेत चिरागच्या पाठीने सामना अर्धवट सोडायला लावला. म्हणून फिजिओ दोघांसाठी एकच असावा आणि सरावाचा भार त्याने दोघांचा मिळून ठरवावा. उडी मारून स्मॅश करणाऱ्याचा खांदा, कंबर आणि गुडघा, तर नेटजवळ खेळणाऱ्याचा घोटा, यांवर आधी लक्ष हवे.

पैशाचे गणितही वेगळे आहे. 2023च्या लखनौच्या सय्यद मोदी स्पर्धेत एकेरीच्या विजेत्याला 15,750 डॉलर होते, दुहेरीच्या विजेत्या जोडीला 16,590, म्हणजे प्रत्येकी 8,295. विमान, हॉटेल, जेवण यांत मात्र कोणाला अर्धी सवलत नसते. ही झाली जिंकणाऱ्यांची गोष्ट. पहिल्या दोन फेऱ्यांत हरणाऱ्या 18-19 वर्षांच्या जोडीचा खर्च आईवडीलच सोसतात आणि खेळ तिथेच सुटतो.

आमची मुख्य मागणी: सतराव्या वर्षापासून किमान तीन वर्षांची जोडी-शिष्यवृत्ती सुरू करा. अर्ज दोघांचा मिळून, सोबत वर्षभराच्या स्पर्धांचे वेळापत्रक. एक जण महाराष्ट्राचा असला की पुरे. मधे जोडी फुटली तर उरलेल्याला नवा साथीदार शोधायला सहा महिने द्या, मदत लगेच तोडू नका. शासकीय नोकरीतल्या 5 टक्के आरक्षणातून लागलेल्या खेळाडूला साथीदाराच्या वेळापत्रकाप्रमाणे रजा मिळावी, हेही त्याच निर्णयात यावे.

विभागीय केंद्रांवर दुहेरीचा स्वतंत्र प्रशिक्षक नेमा. पाठोपाठ 20-25 शटल टाकून ड्राइव्ह (नेटला समांतर सपाट फटका), किल (नेटजवळून खाली मारलेला फटका) आणि स्मॅशचा बचाव घोटून घ्यावा लागतो. त्यात पिसे भराभर तुटतात. तुटक्या पिसांचे शटल डगमगत येते, त्यावर बचाव केला की रॅकेट लावण्याची वेळच चुकीची बसते. शटलचा कोटा डोकी मोजून ठरवू नका, सरावाचा प्रकार पाहून ठरवा. हॉलमधले दिवे कोर्टाच्या बाजूंना हवेत. डोक्यावर असले तर उंच शटल डोळ्यांवरच्या झगमगाटात हरवते.

आणि सर्व्हिस. 2018पासून ती जमिनीपासून 1.15 मीटरच्या खालीच मारावी लागते. दुहेरीत लांब सर्व्हिसची रेषा, जिच्या पुढे सर्व्हिस पडता कामा नये, मागच्या रेषेच्या 76 सेंटिमीटर आत असते, म्हणून बहुतेक सर्व्हिस आखूडच. शटल नेटच्या पट्टीला घासून जायला हवे; जरा वर गेले की समोरचा मारतोच. उंची मोजण्याचे स्टँड प्रत्येक जिल्हा संकुलात याच आर्थिक वर्षात द्या. नाहीतर आमच्या मुलांना आपली सर्व्हिस नियमबाह्य आहे हे मोठ्या स्पर्धेत, सर्व्हिस पंचाच्या तोंडून कळते.

आपले,
महाराष्ट्रातील दुहेरीचे प्रशिक्षक