विषय : व्हिएतनाम सहलीत पैसे घेऊनही बीफचे पदार्थ न दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग

महोदय,

आपल्या व्हिएतनाम सहलीच्या पुस्तिकेत तीन जेवणं नावानिशी छापली होती : हनोईत फो बो (रश्शातल्या नूडल्स आणि बीफ), ह्वे शहरात बुन बो ह्वे (तिखट रश्शातल्या नूडल्स आणि बीफ) आणि सायगावात बो लुक लाक (परतलेलं बीफ) व भात. ‘स्थानिक खाद्यानुभव’ म्हणून त्याचे वेगळे पैसे घेतलेत. पावती सोबत जोडली आहे. आम्ही वसईचे ख्रिस्ती. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यापासून आपल्याकडे मिळतं ते फक्त म्हशीचं मांस, त्यामुळे आम्ही दोघांनी ही सहल निवडली तीच पुस्तिकेतल्या या पानासाठी.

हनोईत फो ही न्याहारी. सकाळीच माणसं फुटपाथवर बुटक्या स्टुलांवर बसून वाडगे रिकामे करतात. आम्हाला हॉटेलात उपमा खाऊ घालून दुपारी नेलंत, आणि समोर आला चिकनचा फो. तोही अस्सल पदार्थ आहे, नावं ठेवत नाही. पण हाडांचा तासन्‌तास उकळलेला रस्सा, त्यात भाजलेलं आलं-कांदा, चक्रीफूल, दालचिनी आणि वर गरम रश्शातच शिजणारे मांसाचे पातळ काप, हे कुठे गेलं? टूर मॅनेजर म्हणाले, “ग्रुपमध्ये बरेच जण खात नाहीत, एका टेबलावर बरं दिसत नाही.” मान्य. मग आमचं टेबल वेगळं मांडायचं होतं, किंवा पैसेच घ्यायचे नव्हते.

ह्वेमध्ये तर कमाल झाली. १९४५ पर्यंत न्विएन राजांची राजधानी असलेलं गाव, आणि त्या गावाच्या नावाचा पदार्थ आम्हाला दिलात हॉटेलच्या बुफेत. पाटी बुन बो ह्वेची, पातेल्यात फोच्या चपट्या नूडल्स आणि फिकं पाणी! बुन गोल असतात, तांदळाच्याच पण शेवयांपेक्षा चांगल्या जाड. रश्शाला गवती चहाच्या दांड्यांचा वास हवा, आंबवलेल्या जवळ्याची चव हवी, वर लाल तिखट तेलाचा तवंग आणि सोबत बारीक चिरलेलं केळफूल. जवळा आम्हा वसईकरांना कोणी शिकवायला नको. त्या पातेल्यात तो नव्हता.

सायगावात बो लुक लाक मिळालं आणि सुरेख मिळालं : मोठ्या आचेवर परतलेले मांसाचे चौकोनी तुकडे, खाली कोवळा पाला, बुडवायला लिंबू-मीठ-मिरपूड. फक्त ते आम्ही आमच्या खिशातून खाल्लं, कारण त्या वेळी ग्रुप पनीर बटर मसाल्यावर बसला होता. त्याचंही बिल जोडलं आहे.

खाद्यानुभवाची पूर्ण रक्कम आणि सायगावचं बिल पंधरा दिवसांत परत करावं, आणि पुस्तिकेतलं ते पान एकतर खरं करावं, नाहीतर काढावं. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार करू. पुढच्या सहलीवर सूट देऊ नये, रक्कम बँक खात्यातच जमा करावी.

आपली,
एक ग्राहक, वसई
(नाव व नोंदणी क्रमांक पावतीवर आहेत)